मालगुंड ते ‘करमणूक’ : केशवसुतांची विद्यार्थिदशेतील कविता आणि तिचा श्रोता

प्रस्तावना

रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेची खिंड लागते. एका बाजूला डोंगराचा कातळ, खाली सुरूची बने, खाडीचे मुख आणि त्याच्या दोन अंगांना पसरलेले दोन किनारे. तेथून नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे ही गावे मागे टाकली की मालगुंड येते. कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत यांचा जन्म १८६६ साली या गावी झाला. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले केशवसुत स्मारक १९९४ पासून तेथे आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सहली तेथे येतात, जन्मघर पाहतात आणि सायंकाळी आरे-वारेच्या वळणावर सूर्यास्तासाठी थांबतात. या साऱ्यातून विद्यार्थ्यांच्या मनात जी प्रतिमा ठसते ती एकाकी, उपेक्षित, बंडखोर कवीची असते. अभ्यासक्रमातून शिकविले जाणारे केशवसुतही बहुधा ‘तुतारी’ आणि ‘नवा शिपाई’ यांचेच असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याआधीचे केशवसुत हा आहे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकणाऱ्या, १८८९ साली म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झालेल्या विद्यार्थ्याने शाळकरी काळात जी कविता लिहिली, ती समीक्षेने आजवर पुढील कवितेची पूर्वतयारी म्हणून किंवा चरित्राचे साधन म्हणून वाचली आहे. रा. श्री. जोग यांच्यापासून वि. स. खांडेकरांपर्यंत अनेकांनी केशवसुतांच्या काव्याचा साक्षेपाने विचार केला. त्या विचारात इंग्रजी रोमँटिक कवितेचा, विशेषतः पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’ या संग्रहाचा प्रभाव हा मुद्दा स्वाभाविकपणे अग्रभागी राहिला. तो प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. मात्र केवळ वाचनातून कवी घडत नाही. वाचलेले आणि भोगलेले कोणाला तरी सांगावेसे वाटणे, आणि ऐकणारा मिळणे किंवा न मिळणे, यातूनही तो घडतो. केशवसुतांच्या विद्यार्थिदशेतील कविता ‘ती कोणाला उद्देशून आहे’ या प्रश्नाच्या आधारे वाचली, तर घर, छंद आणि लेखनव्यवहार या तिन्हींचा परस्परसंबंध अधिक स्पष्ट होतो.

घर : नियम आणि स्थलांतर

दामले यांचे घर शिक्षकाचे होते. वडील केसोपंत मालगुंडास शाळेत शिक्षक होते. पुढे त्यांनी दापोलीकडील वळणे या गावी खोतीच्या व्यवस्थेचे काम पाहिले. घरात ऐश्वर्य नव्हते, पण अक्षराला मान होता. याचा पुरावा केवळ केशवसुतांपुरता मर्यादित नाही. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) हा मराठी व्याकरणविचारातील आधारभूत ग्रंथ लिहिला, तर सीताराम केशव दामले पत्रकार आणि कादंबरीकार म्हणून पुढे आले. एकाच ओटीवर वाढलेल्या भावांपैकी एकाने भाषेचे नियम शोधावेत आणि दुसऱ्याने कवितेचे रूढ नियम सैल करावेत, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. नियमाशी घनिष्ठ परिचय असल्यावाचून त्याचे शास्त्र करता येत नाही आणि तो जाणतेपणाने मोडताही येत नाही.

या घराचे दुसरे वैशिष्ट्य असे की केशवसुतांना ते सलग लाभले नाही. शिक्षणासाठी खेड, बडोदे, वर्धा, नागपूर आणि अखेर पुणे असा प्रवास त्यांना करावा लागला. कोकणातील पांढरपेशा कुटुंबांत हा क्रम त्या काळी सर्वसामान्य होता. मुलगा थोडा मोठा झाला की आप्तांच्या आश्रयाने परगावी जाई आणि सुटीत, बोटीने किंवा घाट उतरून, घरी येई. परिणामी घर हे राहण्याचे स्थळ न उरता आठवण्याचे स्थळ होई. केशवसुतांच्या कवितेत मालगुंड किंवा वळणे येते ते असे दुरून येते. कोकणावरच्या पुष्कळशा वर्णनपर कवितेत निसर्ग नजरेसमोर मांडलेला असतो. केशवसुतांच्या आरंभीच्या कवितेत तो नजरेआड झालेला आहे आणि त्यामुळेच त्याला स्वर आहे.

‘गोष्टी घराकडील’ ही कविता या दृष्टीने पाहावी. ती वसंततिलका वृत्तात आहे आणि एका सवंगड्याला उद्देशून आहे. घराची आठवण येथे स्वगत म्हणून येत नाही. परगावी, बहुधा एकाच खोलीत किंवा एकाच वर्गात असलेल्या मित्राला घरच्या गोष्टी सांगता सांगता कविता उलगडते. सांगणाऱ्याचे घर ऐकणाऱ्याने पाहिलेले नाही. म्हणून सांगणाऱ्याला तपशील द्यावे लागतात, आणि तपशील देताना स्वतःचेच घर त्याला नव्याने दिसू लागते. परिचिताकडे अपरिचिताच्या डोळ्यांनी पाहणे ही कवीची शक्ती मानली जाते. येथे ती शक्ती एका साध्या सामाजिक परिस्थितीतून, म्हणजे परगावच्या मित्राला घर समजावून सांगण्याच्या गरजेतून आलेली दिसते. वसतिगृहांत राहणाऱ्या कोणत्याही पिढीतील विद्यार्थ्यांना ही परिस्थिती ठाऊक असते. तिची कविता करणारा विरळा.

‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेत श्रोता बदलतो. येथे मित्र नाही, वारा आहे. पुण्यात राहणाऱ्या कोकणी मुलाच्या दृष्टीने नैर्ऋत्य ही केवळ भूगोलातील दिशा नव्हे. आरे-वारेच्या कड्यावर आदळणारा मोसमी वारा घाटमाथा ओलांडून देशावर येतो. तो घरावरून आलेला असतो. शीर्षकातच दिशेचा इतका नेमका उल्लेख करणारी भावकविता त्या काळच्या मराठीत वेगळी वाटते. शेलीच्या पश्चिम वाऱ्यावरील कवितेची येथे आठवण व्हावी हे साहजिक आहे, आणि ती अनेकांना झालीही आहे. परंतु शेलीचा वारा जगाला उद्देशून भविष्य फुंकणारा आहे. केशवसुतांचा वारा घरची वार्ता आणणारा आहे. ‘तुतारी’तील फुंकर त्यांच्याकडे यावयास अजून अवकाश होता. मित्र ऐकतो आणि प्रतिसाद देतो. वारा वार्ता आणतो, पण विचारलेल्याचे उत्तर देत नाही. सांगण्याची ओढ तीच असून श्रोता मात्र दुरावलेला आहे.

छंद

‘छंद’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, आणि केशवसुतांच्या बाबतीत ते वेगळे काढता येत नाहीत. त्यांचा फावल्या वेळचा छंद म्हणजे वाचन, भाषांतर आणि वृत्तरचना हाच होता. त्यांच्या उपलब्ध कवितेचा आरंभ १८८५ च्या सुमारास होतो व त्या आरंभी ‘रघुवंशा’तील भागाचे भाषांतर आहे. शाळेत संस्कृत शिकणारा मुलगा पाठ्यांशाचे समवृत्त भाषांतर करून पाहतो, ही त्या पिढीतील सर्वसामान्य गोष्ट होती. वृत्त हे तेव्हाच्या शाळेत जवळजवळ अंकगणितासारखे घोटले जाई. पुढे इंग्रजी कवितांचीही अशीच भाषांतरे त्यांनी केली. भाषांतराच्या या सरावाकडे अनुकरण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. वस्तुतः तो हाताला वळण लावण्याचा व्यायाम होता, जसा गवयाचा खर्जातला रियाज. त्यातून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक, संस्कृत अक्षरगणवृत्तांवर प्रभुत्व. दुसरी, त्या वृत्तांत काय मावत नाही याचे भान. पुढे ‘झपूर्झा’सारख्या कवितेत मुलींच्या खेळातील शब्दांवरून शीर्षक बेतले गेले आणि ‘गोफण केली छान’मध्ये शेत राखणाऱ्याचे हत्यार कवितेत आले. घराच्या अंगणातील आणि शेतातील हे छंद शाळेच्या छंदावर मात करावयास काही वर्षे जावी लागली. विद्यार्थिदशेतील कवितेत अद्याप शाळेचे छंदच प्रभावी आहेत.

‘दुर्मुखलेला’ : शाळेला शाळेच्याच वृत्तात उत्तर

या काळातील सर्वांत महत्त्वाची कविता ‘दुर्मुखलेला’ ही होय. तिच्यामागील प्रसंग सर्वपरिचित आहे. वर्गात शिक्षकाने कृष्णाजीच्या उदास चेहऱ्यावरून त्याला बोल लावला, आणि त्याने त्यावर ही कविता लिहिली. ते शिक्षक कोण, याविषयीच्या कुतूहलाने कवितेपेक्षा आख्यायिकेलाच अधिक महत्त्व आले आहे. शिक्षकाचे नाव कळले काय किंवा न कळले काय, कवितेच्या अर्थात त्याने भर पडत नाही.

कवितेची रचना लक्षपूर्वक पाहावी. आरंभी विद्यार्थी आरोप मान्य करतो. आपले मुख शुष्क आहे, पाहणाऱ्यांचा विरस होतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे, असे तो म्हणतो. संतापाचा एकही शब्द नाही. शिक्षकाला तो ‘गुरू’ म्हणूनच संबोधतो. मग कविता वळते. याच कोरड्या मुखातून पुढे काव्याचा झरा वाहणार आहे, आणि गुरूंना त्याची गोडी लागली नाही तरी त्यांच्या पुढल्या पिढ्या तो आवडीने पितील, असे भाकीत तो करतो. तक्रार आणि प्रतिज्ञा यांच्यामधील हा सांधा इतका सहज आहे की विनय कोठे संपतो आणि अभिमान कोठे सुरू होतो, ते बोट ठेवून दाखविता येत नाही.

वृत्त शार्दूलविक्रीडित आहे, ही गोष्ट आजवरच्या वाचनांत काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. हे वृत्त सुभाषितांचे, मंगलाष्टकांचे, पंडिती कवितेचे. म्हणजे शिक्षकाच्या प्रतिष्ठेचे. विद्यार्थ्याने आपला बचाव शिक्षकाच्या भाषेत, शिक्षकानेच शिकविलेल्या गणांत मांडला आहे. ‘तुम्ही मला मंद समजता, तुमच्या शास्त्रात मी किती तयार आहे ते पाहा’, असा एक मूक युक्तिवाद वृत्ताच्या निवडीतच आहे. या कवितेला बंड म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. बंडखोर दुसऱ्याची भाषा टाकतो. येथे ती भाषा अधिक चांगली बोलून दाखविली आहे. बंड पुढे येईल, तेव्हा अक्षरगणवृत्तही मागे पडेल.

एक शंका येथे उपस्थित करणे आवश्यक आहे. ही कविता शिक्षकाला उद्देशून असली तरी तिचा श्रोता खरोखर शिक्षक आहे काय? भाकीतच सांगते की नाही. कविता ज्यांना ऐकवावयाची आहे ते अद्याप जन्मलेले नाहीत. ते शिक्षकाचे वंशज आहेत. उपस्थित श्रोत्याने नाकारल्यावर अनुपस्थित वाचकाची कल्पना करणे, हा कोणत्याही लेखकाच्या आयुष्यातील निर्णायक क्षण असतो. मित्र, वारा आणि गुरू यांच्या पलीकडचा, नाव-गाव ठाऊक नसलेला वाचक येथे प्रथमच केशवसुतांच्या कवितेत अवतरतो. छापील नियतकालिकाकडे जाण्याची मानसिक तयारी ती हीच.

अंगणाबाहेरचे मूल

घराच्या आठवणींची ही कविता केवळ गोड असती तर तिचे मोल मर्यादित राहिले असते. त्याच काळात, १८८८ मध्ये, केशवसुतांनी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहिली. रस्त्यावर मुले खेळत आहेत, सावली पडेल म्हणून एक ब्राह्मण त्यांना हटकतो, मुले पळतात. एक मूल मात्र विचारात पडते आणि घरी जाऊन आईला कारण विचारते. आई उच्चनीचतेचे रूढ उत्तर देते. कवितेचे शीर्षक नेमके आहे. हा केवळ प्रश्न नव्हे, ‘पहिला’ प्रश्न आहे. म्हणजे या मुलाच्या संगोपनातील पहिला धडा. ‘गोष्टी घराकडील’मधील मूल घरी जे शिकले आणि या कवितेतील मूल घरी जे शिकते, ती दोन्ही एका गावातील दोन घरांची शिकवण आहे. एका घरात आठवण मिळते, दुसऱ्यात मर्यादा. केशवसुतांना हा फरक विद्यार्थिदशेतच दिसला होता, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. आगरकरांच्या ‘सुधारका’चा आरंभ त्याच वर्षीचा आहे, आणि पुण्याच्या त्या शाळेतील वैचारिक वातावरणाचा संबंध येथे लक्षात घ्यावा लागतो.

तथापि श्रोत्याचा प्रश्न येथेही विचारला पाहिजे, आणि येथे उत्तर अडचणीचे आहे. ही कविता त्या मुलासाठी लिहिलेली नाही, त्याच्या आईसाठीही नाही. ती हटकणाऱ्याच्या जातीतील सुशिक्षित वाचकासाठी आहे. मुलाच्या तोंडी प्रश्न आहे, पण मुलाला स्वतःचा आवाज नाही. प्रश्न कवीने त्याच्यासाठी घडविला आहे. ‘पहिला’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. तेहतीस वर्षांपूर्वी, १८५५ मध्ये, पुण्यातील फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, चौदा वर्षांच्या आसपासच्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला होता आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. कवीने कल्पिलेल्या मुलाने विचारण्यापूर्वीच खरोखरच्या मुलीने विचारले होते, तेही आईला नव्हे तर साऱ्या समाजाला आणि थेट धर्माला. केशवसुतांचे मूल उत्तर ऐकून विचारात राहते. मुक्ता साळवे उत्तर मान्यच करीत नाही.

हा विरोध केशवसुतांना कमी लेखण्यासाठी नाही. एकाच शहरातील दोन विद्यार्थी-लेखनांमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर असताना नंतरच्याला आधीच्याचा पत्ता असल्याची खूण कवितेत दिसत नाही, ही गोष्ट वाङ्मयव्यवहाराबद्दल बरेच काही सांगते. मिशनरी नियतकालिकाचा वाचक एक, काव्याच्या मासिकाचा वाचक दुसरा. आपल्या वाङ्मयेतिहासांनीही हे दोन मजकूर बराच काळ वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवले. पदवी वर्गात ही कविता शिकविताना तो निबंध शेजारी ठेवला, तर ‘सामाजिक कविता’ या ठोकळेबाज शीर्षकाखाली गोठलेला हा पाठ पुन्हा हलू लागेल.

नियतकालिकांचा उंबरठा

लेखन करणाऱ्या तरुणाला समानधर्मी मिळणे ही दैवाची गोष्ट असते. नागपूरच्या वास्तव्यात केशवसुतांचा ना. वा. टिळकांशी परिचय झाला. कवितेच्या निमित्ताने झालेला हा त्यांचा पहिला महत्त्वाचा स्नेह. पुण्यात हरिभाऊ आपटे होते, वयाने केवळ दोन वर्षांनी मोठे. पण समूह म्हणावा असे जे काही केशवसुतांच्या वाट्याला आले, ते बैठकीच्या रूपाने आले नाही, छापील पानांच्या रूपाने आले. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये सुरू केलेले ‘काव्यरत्नावली’ हे निव्वळ कवितेला वाहिलेले मासिक, १८९० पासूनचे हरिभाऊंचे ‘करमणूक’ आणि १८९५ पासूनचे का. र. मित्र यांचे ‘मनोरंजन’ ही त्या समूहाची तीन घरे.

अबोल स्वभावाच्या माणसाला असा समूह मानवतो. येथे चेहरा दाखवावा लागत नाही. ज्याच्या मुखावरून वर्गात पारख झाली, त्याला मुखाशिवाय ओळखले जाण्याची सोय नियतकालिकाने दिली. ‘केशवसुत’ हे टोपणनावही या प्रकाशात पाहावे. त्यात स्वतःचे नाव नाही, वडिलांचे आहे. जुन्या कवींतही पित्याच्या नावाने मुद्रा घेण्याची रीत होती, हे खरे. पण रूढ कवितेला छेद देणाऱ्या कवीने स्वतःची ओळख ‘केशवाचा मुलगा’ इतकीच ठेवावी, यात घराशी असलेले नाते शेवटपर्यंत तुटले नसल्याची साक्ष आहे. मालगुंडचा शाळामास्तर अशा रीतीने आधुनिक मराठी कवितेच्या मुखपृष्ठावर आला.

या समूहाने केशवसुतांना धाडस करण्यास जागा दिली, हे मान्य करावे लागेल. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतील पहिले सुनीत १८९२ मध्ये लिहिले गेले. या रचनेला ते ‘चतुर्दशक’ म्हणत. नवा प्रकार, नवे नाव आणि तो छापणारे साप्ताहिक ‘करमणूक’, हे तिन्ही एकाच वेळी उपलब्ध असणे महत्त्वाचे होते. उलट या समूहाच्या मर्यादाही कमी नव्हत्या. नियतकालिकातील कविता आठवड्याने किंवा महिन्याने शिळी होई. प्रतिसाद आलाच तर संपादकामार्फत येई. कवींनी एकत्र बसून एकमेकांच्या ओळी तपासाव्यात, असा प्रघात मराठीत रविकिरण मंडळाने १९२३ नंतर पाडला. केशवसुतांना तसा टीकाकार-मित्र सातत्याने लाभला असता, तर त्यांच्या काही कवितांतील शैथिल्य व क्लिष्ट अन्वय टळले असते काय, हा प्रश्न निरर्थक नाही. ते शैथिल्य लपविण्याचे कारणही नाही. एकट्याने काम करणाऱ्याच्या हातून राहणारे ते दोष आहेत.

पुढे ते खानदेशात फैजपूर येथे शिक्षक म्हणून गेले. ज्या जळगावहून ‘काव्यरत्नावली’ निघत असे, ते तेथून दूर नव्हते. विद्यार्थिदशेत शिक्षकाकडून बोल ऐकलेला मुलगा आता स्वतः शिक्षक होता. १९०४ मध्ये ते धारवाडला गेले आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या कवितेचे पुस्तक झाले नव्हते. ते पुढे सुमारे दशकभराने हरिभाऊंच्या पुढाकाराने झाले. दरम्यान गोविंदाग्रजांनी स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवून घेतले होते. ‘दुर्मुखलेला’मधील भाकिताला पुढल्या पिढीतून दुजोरा मिळाला तो असा.

निधनानंतर दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, जळगावला फडणीसांच्या पुढाकाराने महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तेथे उभा राहून आपली कविता म्हणाला. सभेने ती ऐकली आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. अशा सभेपुढे उभे राहण्याचा प्रसंग केशवसुतांवर कधी आला नाही.